‘बार्बरिझम’चं मराठी करताना: आधी बघा, कोण कोणाला म्हणतंय

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात एका संस्थेचा इंग्रजी मजकूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत करायचा आहे. त्यात ‘बार्बरिझम’ हा शब्द वारंवार येतो. शब्दकोशात ‘रानटीपणा’, ‘असंस्कृतपणा’, ‘क्रौर्य’, ‘अशुद्ध शब्दप्रयोग’ हे सगळे अर्थ एकाच ओळीत दिले आहेत. यांतला कोणता घ्यायचा? आणि ‘बर्बरता’ हा संस्कृत शब्द सगळीकडे समजेल असं धरून तोच चारही भाषांत ठेवला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. कन्नड वाचकाला ‘बर्बर’ म्हटलं की खुनाची बातमी आठवते. मराठी वाचकाला तो शब्द पुस्तकी किंवा हिंदी वाहिनीवरून उचललेला वाटतो. तेलुगूत त्या जागी दुसरेच शब्द रुळले आहेत. उर्दूत ‘बरबरियत’ आहे, पण लोक बोलतात ते ‘दरिंदगी’ आणि ‘हैवानियत’. शिवाय मूळ मजकुरात हा शब्द प्रत्येक ठिकाणी एकाच अर्थाने आलेला नसतो. कधी तो भाषेतली चूक सांगतो, कधी नुसतं परकेपण, कधी मानवी इतिहासातली एक अवस्था, तर कधी क्रौर्य. कोशात हे अर्थ स्वल्पविराम देऊन शेजारी बसवलेले असले, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

शब्दाचा उगम कानात आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू. ग्रीकांना दुसऱ्यांचं बोलणं ‘बर-बर’ असं ऐकू येई, म्हणून ते लोक ‘बार्बारोस’. होमरच्या ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात आशिया मायनरमधल्या कॅरियाच्या लोकांना ‘बार्बारोफोनोई’ म्हटलंय, म्हणजे ज्यांची वाणी बर-बर अशी आहे ते. तिथे क्रूरपणाचा मागमूस नाही. तुच्छता चढली ती इराणी स्वाऱ्यांनंतर, म्हणजे इ.स.पू. ४९० ते ४७९ च्या लढायांनंतर. तरीही इ.स.पू. ४७२ मध्ये ग्रीक नाटककार एस्किलसने रंगभूमीवर आणलेल्या ‘पर्शियन्स’ या नाटकात इराणी पात्रं स्वतःलाच ‘बार्बारोई’ म्हणवतात. तिथे ‘आम्ही रानटी’ असं भाषांतर केलं तर संवाद हास्यास्पद होईल. ‘आम्ही अ-ग्रीक’ किंवा सरळ ‘आम्ही इराणी’ हेच बरोबर.

रोमनांचं तर आणखी बोलकं आहे. ग्रीकांच्या हिशेबात लॅटिन बोलणारेही बार्बारोसच. लॅटिन नाटककार प्लाउटस ग्रीक नाटकांची रूपांतरं करायचा आणि प्रस्तावनेत सांगायचा, की ‘बार्बारे’ भाषेत उतरवलंय. म्हणजे लॅटिनमध्ये. पुढे रोमचं साम्राज्य झालं आणि तोच शब्द रोमनांनी दुसऱ्यांना लावला. इ.स. ८ मध्ये लॅटिन कवी ओव्हिडला रोममधून हद्दपार करून काळ्या समुद्राच्या काठावर टोमिस इथे पाठवलं. तिथे त्याने लिहिलं, की इथे बार्बारुस मीच आहे, कारण माझं बोलणं कोणालाच कळत नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातही, चौदाव्या अध्यायात, हेच आहे: भाषेचा अर्थ कळला नाही, तर बोलणाऱ्याला मी ‘बार्बारोस’ आणि मला तो. शब्द दोन्ही बाजूंनी लागतो, हे या दोघांनी नेमकं धरलं.

आपल्याकडे हे समजायला ग्रीसला जायची गरज नाही. तुकोबांचा अभंग आहे: ‘कानडीनें केला मऱ्हाटा भ्रतार । एकाचें उत्तर एका न ये ॥’ ती ‘इल बा’ म्हणून हाक मारते, म्हणजे ‘इकडे या’, आणि नवरा भलतंच समजून पळ काढतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात ‘इल्ली बा’ रोज कानावर पडतं, त्यामुळे इथल्या वाचकाला हा अभंग तळटीप न देता कळतो. त्यात कोणी रानटी नाही, कोणी क्रूर नाही. दोन भाषा आहेत आणि मध्ये न कळणं आहे. मूळ ‘बार्बारोस’ म्हणजे एवढंच. जुन्या मराठीत ‘कानडा’ या शब्दाला ‘अगम्य, न कळणारा’ असा अर्थ आला, तोही याच वाटेने. शेजाऱ्याच्या भाषेचं नावच दुर्बोधतेचं नाव झालं. रशियन भाषेत जर्मन माणसाला ‘नेमेत्स’ म्हणतात. तो शब्द ‘नेमोय’, म्हणजे मुका, यावरून आलेला. अरबीतला ‘अजम’ही याच जातीचा: ज्याची अरबी स्पष्ट नाही तो, आणि पुढे खास करून इराणी. उर्दूतल्या ‘अरब-ओ-अजम’ या जोडशब्दात तो आजही आहे.

संस्कृतात दोन शब्द आहेत, त्यांची गल्लत होते. ‘बर्बर’ म्हणजे अडखळत, तोतरं बोलणारा. कुरळ्या केसांचा हाही त्याचा एक अर्थ, आणि महाभारतात शक, यवन वगैरेंच्या यादीत येणारा एक लोकसमूह हा आणखी एक. दुसरा शब्द ‘म्लेच्छ’. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या धातूचा अर्थ ‘अव्यक्ते शब्दे’ असा दिलाय, म्हणजे अस्पष्ट बोलणे. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, गोष्ट येते: असुर ‘हे अरयः’ (अहो शत्रूंनो) याच्या जागी ‘हेलयो हेलयः’ म्हणत राहिले आणि हरले. म्हणून अशुद्ध बोलू नये. ‘म्लेच्छो ह वा एष यदपशब्दः’, जो अपशब्द तोच म्लेच्छ. बघा, इथे म्लेच्छ हे माणसाचं नाव नाही, चुकीच्या शब्दाचं नाव आहे. लॅटिन व्याकरणातला ‘बार्बारिस्मुस’ अगदी हाच. युरोपातल्या व्याकरणाचा ग्रंथ मराठीत आणताना ही जोडी हाताशी असली की अर्धं काम होतं.

पण तिथेच पहिला खड्डा आहे. पतंजलीचा ‘अपशब्द’ मराठीत शिवी झाला. ‘त्याच्या लेखनात अपशब्द फार आहेत’ असं छापलं, तर वाचक समजेल की गलिच्छ शिव्या आहेत. संस्कृत काव्यशास्त्रात मम्मटाने पददोषांच्या यादीत ‘च्युतसंस्कृति’ हा दोष दिलाय: व्याकरणाच्या संस्कारातून घसरलेला शब्द. अर्थाने हा ‘बार्बारिस्मुस’च्या फार जवळ येतो. पण आज मराठीत ‘च्युतसंस्कृती’ लिहिलं तर लोक ‘संस्कृतीचा ऱ्हास’ वाचतील. ‘अपभ्रंश’ घ्यावा, तर तो बदललेल्या रूपाला लागतो, चुकीलाच लागतो असं नाही. शिवाय ते एका भाषिक टप्प्याचंही नाव आहे. ‘ग्राम्य’ म्हणाल, तर गावाकडच्या माणसाचा उगाच अपमान. म्हणून सर्वसाधारण वाचकासाठी ‘अशुद्ध शब्दप्रयोग’ हेच साधं, स्वच्छ भाषांतर. अभ्यासकांसाठी असेल तर ‘पददोष’ घ्या, पण तो या एका चुकीपेक्षा रुंद शब्द आहे हे पहिल्या वापरात सांगा.

‘पददोष’ सुचवण्याचं कारण असं, की त्याची जोडी ‘वाक्यदोष’ तयार मिळते, आणि युरोपातही अशीच जोडी आहे. एका शब्दात झालेली चूक ती बार्बरिझम. शब्द सुटे बरोबर, पण जोडणी चुकलेली, तो सोलेसिझम. पहिल्या शतकात रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने ही विभागणी सविस्तर मांडली. चौथ्या शतकातल्या डोनाटुसच्या लॅटिन व्याकरणाचा तिसरा भाग पुढे ‘बार्बारिस्मुस’ या नावानेच ओळखला जाऊ लागला. क्विंटिलियन शब्दातल्या चुकीचे चार प्रकार सांगतो, आणि चारही मराठीत ताबडतोब सापडतात. अक्षर वाढवणं: ‘स्क्रू’चा ‘इस्क्रू’. अक्षर गाळणं: ‘स्टेशन’चं ‘टेसन’. अक्षर बदलणं: ‘पाणी’चं ‘पानी’. अक्षरांची अदलाबदल: ‘नुकसान’चं ‘नुस्कान’, ‘मतलब’चं ‘मतबल’. लॅटिन उदाहरणं जशीच्या तशी देऊन कंसात अर्थ लिहीत बसण्यापेक्षा अशी मराठी उदाहरणं शेजारी द्या. विद्यार्थ्याला एका वाचनात कळतं.

तरी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. उदाहरणं फक्त बोलीतली देऊ नका. ‘नुस्कान’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘सौंदर्यता’, ‘ऐक्यता’, ‘उपरोक्त’, ‘तज्ञ’ लिहिणारा शिकलेला माणूस खरा बार्बरिझम करतो. बोली तिच्या जागी नियमानेच चालते. हे शब्द मात्र प्रमाण लेखनाचा आव आणून त्याच लेखनाचा नियम मोडतात. ‘सौंदर्य’ला आणखी ‘ता’ कशाला? हवं ते ‘उपर्युक्त’, आणि ‘तज्ज्ञ’मध्ये ज दोनदा. याच विषयावर लिहिताना अनेक जण ‘क्रौर्यता’ लिहितात, तेही तसंच. एक तर ‘क्रौर्य’ लिहा, नाहीतर ‘क्रूरता’. आणि ‘रानटी’चं भाववाचक नाम ‘रानटीपणा’. त्याला ‘ता’ लावू नका.

सोलेसिझमची व्युत्पत्ती सोलापूरकराने जरूर लक्षात ठेवावी. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, किलिकियात, ‘सोलोई’ नावाचं गाव होतं. अथेन्सहून आलेले लोक तिथे वसले, भोवतालच्या भाषांत मिसळले आणि त्यांची अथेन्सची बोली बदलली, असं जुने लेखक सांगतात. अथेन्सवाल्यांनी चुकीच्या वाक्यरचनेलाच त्या गावाचं नाव दिलं. सोलापूरशी त्या नावाचा संबंध नाही. घडलं ते मात्र ओळखीचं आहे. इथे, आणि सीमाभागात सगळीकडे, ‘मी काम केलो’, ‘मी भात खाल्लो’ ऐकू येतं. पुण्याचा माणूस ताबडतोब ‘अशुद्ध’ म्हणून मोकळा होतो. पण कन्नडात ‘नानु केलसा माडिदे’ म्हणतात आणि तेलुगूत ‘नेनु पनि चेसानु’. दोन्हीकडे क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून ‘मी काम केलं’. तीन-चार भाषा एका गल्लीत शेकडो वर्षं नांदल्या की क्रियापदाने कोणाशी जुळायचं हे बदलतं. छापील प्रमाण मजकुरात ‘केलं’ करा, ते संपादनाचं काम. पण बोलणाऱ्याला बार्बरिझमचा शिक्का मारू नका. सोलोईच्या लोकांवर मारला तो पुष्कळ झाला.

आता बाकीच्या भाषा या शब्दाचं काय करतात ते पाहा; इंग्रजीचा गुंता त्यामुळे सुटतो. फ्रेंचमध्ये भाषिक चूक ‘बार्बारिझ्म’ आणि क्रौर्य किंवा रानटी अवस्था ‘बार्बारी’. जर्मनमध्ये ‘बार्बारिस्मुस’ आणि ‘बार्बाराय’. रशियनमध्ये ‘वार्वारिझ्म’ आणि ‘वार्वार्स्त्वो’. स्पॅनिशमध्ये ‘बार्बारिस्मो’ आणि ‘बार्बारिए’. त्यात ‘बार्बारिस्मो’ परभाषेतून घुसलेल्या शब्दालाही म्हणतात. म्हणजे युरोपातल्या बहुतेक भाषांनी दोन नामं वेगळी ठेवली. इंग्रजीत क्रौर्यासाठी ‘बार्बॅरिटी’ आहे, पण ‘बार्बरिझम’ दोन्हीकडे वापरतात. म्हणून इंग्रजी मजकूर स्वतः अनुवादित असेल आणि मूळ फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश असेल, तर मूळ पान उघडून शब्दाचा शेवट बघा. अर्थ तिथेच ठरतो, तर्क करावा लागत नाही.

स्पॅनिशमधला आणखी एक सापळा ‘बार्बारिदाद’. ‘गर्दीची बार्बारिदाद’ म्हणजे प्रचंड गर्दी, क्रूर गर्दी नव्हे. आणि कोणी खुशीत ‘के बार्बारो!’ म्हणालं तर ते कौतुक असतं. मराठीत ‘भयंकर आवडलं’, ‘खतरनाक गायला’ म्हणतो तसंच. उर्दूत याच्याशी जुळणारा धोका ‘वहशत’चा. ‘वहशी’, ‘वहशियाना’ म्हणजे हिंस्र, पाशवी. पण गझलेत ‘वहशत’ आली की ती प्रेमाने वेडावलेल्या माणसाची बेचैनी असते, माणसांपासून दूर पळायची ओढ असते. मुशायऱ्यातल्या शेराचं मराठी करताना तिथे ‘रानटीपणा’ आला, तर शेर मेलाच.

शेजारच्या भाषांकडे वळू, कारण सोलापुरात खरी दमछाक तिथेच होते. शब्द ओळखीचे दिसतात आणि अर्थ फिरलेले असतात. कन्नड आणि तेलुगूत ‘नागरिकते’, ‘नागरिकत’ म्हणजे सुधारलेली संस्कृती. त्यामुळे तिकडे ‘अनागरिक’ म्हणजे असंस्कृत, रानटी. मराठीत ‘नागरिकत्व’ कागदपत्रांचा शब्द आहे. कन्नड पत्रकातलं ‘अनागरिक वर्तने’ मराठीत ‘अनागरिक वर्तन’ झालं, तर वाचक म्हणेल, हा माणूस भारताचा नागरिक नाही काय? इथे ‘असंस्कृत वर्तन’ किंवा ‘रानटी वर्तन’ हवं.

हिंदीकडून ‘सभ्यता’ येते. हिंदीत ‘सिंधु घाटी की सभ्यता’ म्हणजे सिंधू संस्कृती. मराठीत सभ्यता म्हणजे शिष्टाचार, चारचौघांत नीट वागणं. म्हणून हिंदीतून येणारं ‘सभ्यता बनाम बर्बरता’ मराठीत ‘सभ्यता विरुद्ध बर्बरता’ असं ठेवलं, तर अर्थ ‘चांगल्या सवयी विरुद्ध काहीतरी’ असा पातळ होतो. ‘संस्कृती विरुद्ध रानटीपणा’ करा. तसंच ‘असभ्य’: हिंदीत असंस्कृत, मराठीत उद्धट, अचकट-विचकट बोलणारा. मराठीत एखाद्याला ‘असभ्य’ म्हणणं ही तक्रार आहे. ‘बार्बरस’चं वजन त्यात नाही.

क्रौर्याच्या अर्थासाठी मराठीत शब्दांची कमी नाही, पण प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला आहे. खून ‘निर्घृण’. मारहाण ‘अमानुष’. अत्याचार ‘पाशवी’. छळ ‘क्रूर’ किंवा ‘अमानुष’. ‘बर्बर खून’ मराठीत कोणी म्हणत नाही. कन्नड बातमीत मात्र ‘बर्बर हत्ये’ अगदी नेहमीचं. त्याचं मराठी ‘निर्घृण हत्या’. तेलुगूत तेच ‘किरातक’ होतं, उर्दूत ‘बेरहमी से क़त्ल’. ‘निर्घृण’ शब्दाचं पोट उघडून बघण्यासारखं आहे: संस्कृतात ‘घृणा’चा एक अर्थ दया, म्हणून निर्घृण म्हणजे निर्दय. आज मराठीत घृणा म्हणजे किळस आणि हिंदीत द्वेष. त्यावरून निर्घृणचा अर्थ लावायला गेलात तर उलटाच लागेल. ‘पाशवी’ही सांभाळून. ‘पाशवी बहुमत’ म्हणजे नुसत्या आकड्यांच्या जोरावर चालणारं बहुमत, तिथे रक्तपात नसतो.

वाक्यरचनेचं एक तंत्र. इंग्रजी ‘अ‍ॅक्ट ऑफ बार्बरिझम’ असं नामांवर नाम रचतं. ‘रानटीपणाचं कृत्य’ हे मराठी शब्दांतलं इंग्रजीच झालं. मराठीत हा भार विशेषण किंवा क्रियाविशेषण उचलतं: ‘अमानुष कृत्य’, आणि त्याहून चांगलं म्हणजे ‘अमानुषपणे मारलं’. कोणी, कोणाला, काय केलं हे वाक्यात आलं की ‘-पणा’ आपोआप गळतो. मजकूर जितका गंभीर, तितकं हे पाळा. कोठडीतल्या मारहाणीच्या अहवालात भाववाचक नामं वाढली की मारणारा वाक्यातून गायब होतो.

आता ‘रानटी’बद्दल. हा मराठीचा स्वतःचा, जिवंत शब्द आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लेखनात ‘सुधारलेले’ आणि ‘रानटी’ ही जोडी ‘सिव्हिलाइज्ड’ आणि ‘बार्बरस’साठी सर्रास वापरली गेली. पण त्याच्या पोटात ‘रान’ आहे. तेलुगूतल्या ‘आटविक’मध्ये अटवी, म्हणजे रान; ‘किरातक’मध्ये किरात हा डोंगरी लोकसमूह; तमिळमधल्या ‘काट्टुमिराण्डि’मध्ये ‘काडु’, पुन्हा रानच. ग्रीकांनी परक्याच्या जिभेवरून शब्द बनवला. आपल्याकडचे हे शब्द माणसाच्या राहण्याच्या जागेवरून बनले. म्हणजे जो रानात राहतो तो क्रूर, हे गृहीतक शब्दातच शिवलेलं आहे. प्रत्यक्ष समाजाबद्दल लिहिताना, मूळ इंग्रजीत काहीही असो, ‘रानटी’, ‘जंगली’ लिहू नका. जुन्या सरकारी कागदाचं भाषांतर असेल तर मूळ शब्द अवतरणचिन्हात ठेवा आणि तो कोणाचा आहे हे वाक्यातच सांगा: ‘अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दांत’. सोलापुरात याची किंमत माहीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना ‘सेटलमेंट’ नावाच्या तारेच्या कुंपणात डांबलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव शहरात अजून आहे. कागदावरच्या शब्दाने माणसं कुंपणात जातात, म्हणून भाषांतरकाराने इथे हात आखडायलाच हवा.

एक अपवाद आहे: मानववंशशास्त्राचा जुना मजकूर. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ल्युइस हेन्री मॉर्गनने १८७७ मध्ये मानवी इतिहासाचे तीन टप्पे मांडले: सॅव्हेजरी, बार्बरिझम, सिव्हिलायझेशन. मार्क्सचा सहकारी एंगेल्सने १८८४ मध्ये तेच पुढे नेले. इथे ‘बार्बरिझम’ ही संज्ञा आहे, शिवी नाही. तो टप्पा मातीची भांडी घडवण्यापासून सुरू होतो आणि ध्वनिलिपीपाशी संपतो. मधे पशुपालन, सिंचनाची शेती, लोखंड गाळणं येतं. मॉर्गनच्या हिशेबात होमरकालीन ग्रीकही याच टप्प्याच्या वरच्या पायरीवर होते. ज्यांनी शब्द घडवला तेच त्यात बसले. मराठीत पहिल्या दोन्ही टप्प्यांना ‘रानटी अवस्था’ म्हणून ठेवलं की सगळी मांडणी कोसळते. पहिल्याला ‘वन्यावस्था’, दुसऱ्याला ‘बर्बरावस्था’ असं पक्कं करा आणि पुस्तकभर तेच पाळा. ‘बर्बर’ हा पुस्तकी शब्द इथे नेमका कामाला येतो, कारण रोजच्या वापरात नसल्यामुळे त्याला संज्ञेचा अर्थ देता येतो. हा सगळा सिद्धान्त आज मागे पडलाय, हे प्रस्तावनेत सांगा. संज्ञा बदलून तो लपवू नका.

१९१५ मध्ये तुरुंगात बसून समाजवादी क्रांतिकारक रोझा लक्झेम्बर्गने मांडलेला ‘समाजवाद की बार्बरिझम’ हा पर्याय कामगार चळवळीच्या पत्रकांत भेटतोच. तिथे अर्थ संस्कृतीच्या विनाशाचा, मागे कोसळण्याचा आहे. ‘समाजवाद की क्रौर्य’ केलं तर अर्थ अर्धा राहतो. ‘समाजवाद की बर्बरता’ चालतं, पण खाली एक ओळ द्या. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीनंतर कविता लिहिणं ‘बार्बारिश’ आहे, या जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नोच्या १९५१ मध्ये छापलेल्या विधानातही ‘क्रूर’ चालत नाही. कविता कोणाला मारत नाही. तिथेही ‘बर्बर’च ठेवा.

उलट, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या ‘बार्बरस अ‍ॅक्ट्स’ला ‘अमानुष कृत्ये’ हेच मराठी योग्य. ‘रानटी’ नको, आणि कारण साधं आहे. ती कृत्यं रानातल्या माणसांनी केलेली नव्हती. विद्यापीठं, कारखाने, आगगाड्यांची वेळापत्रकं असलेल्या देशाने, नाझी जर्मनीने, ती केली. ‘रानटी’ लिहिलं की दोष पुन्हा रानाकडे जातो.

काही ठिकाणी मुळात भाषांतर करायचंच नाही. ‘बार्बरी कोस्ट’ म्हणजे उत्तर आफ्रिकेचा किनारा. ‘बार्बरी चाचे’ म्हणजे तिथले चाचे, ‘रानटी चाचे’ नव्हेत. तिथल्या मूळ लोकांना बर्बर म्हणायची पद्धत आहे, पण ते स्वतःला ‘इमाझिघेन’ म्हणतात. पहिल्या उल्लेखात ते नाव द्या. ‘बारबरी’ ही शेळीची जात, नाव सोमालियाच्या किनाऱ्यावरच्या बर्बेरा बंदरावरून. पशुसंवर्धनाच्या पत्रकात ते तसंच ठेवा.

चीनचं एकच उदाहरण देतो, कारण एका अक्षरासाठी तहात कलम घातल्याचं दुसरं उदाहरण सहज आठवत नाही. जुन्या चिनी लेखनात चार दिशांच्या परक्यांना चार नावं होती: पूर्वेचे यी, दक्षिणेचे मान, पश्चिमेचे रोंग, उत्तरेचे दी. चिनी अधिकारी इंग्रजांसाठी ‘यी’ लिहीत. १८५८ च्या तिएनत्सिनच्या तहात इंग्रजांनी ५१ वं कलम घालून घेतलं, की सरकारी कागदात ब्रिटिशांसाठी हे अक्षर वापरायचं नाही. ‘यी’ म्हणजे नुसते परके की रानटी, हा वाद म्हणजे आपलाच प्रश्न. फक्त तो तोफांच्या छायेत सुटला. आजच्या चिनीत रानटीपणाला ‘येमान’ म्हणतात. त्यातला ‘ये’ म्हणजे रान आणि ‘मान’ ते दक्षिणेकडचेच.

कामाला बसताना करायचं ते असं. संपूर्ण मजकुरातले ‘बार्बरिझम’, ‘बार्बरिक’, ‘बार्बरस’, ‘बार्बेरियन’ आधी शोधून काढा. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने दोनच गोष्टी लिहा: कोण म्हणतंय, आणि कोणाला किंवा कशाला. व्याकरणकार शब्दाला म्हणत असेल तर ‘अशुद्ध प्रयोग’. प्राचीन लेखक दुसऱ्या लोकांना म्हणत असेल तर ‘परके’, ‘परभाषी’, किंवा त्या लोकांचं नाव. अभ्यासक टप्प्याला म्हणत असेल तर ठरवलेली संज्ञा. आजचा माणूस कृत्याला म्हणत असेल तर त्या कृत्याचं ठरलेलं विशेषण. त्यानंतरच चार भाषांचा तक्ता करा, आणि तक्ता शब्दाचा नको, वाक्याचा करा. एका रकान्यात ‘बार्बरिझम’ आणि पुढे चार प्रतिशब्द, असा तक्ता दुसऱ्याच पानावर खोटा पडतो.

शेवटी हे एक वाक्य चाचणीसाठी वापरा. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अठ्ठाविसाव्या अध्यायात गलबत फुटून पौल आणि त्याचे सोबती माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. पाऊस आणि थंडी असते. तिथले लोक त्यांच्यासाठी शेकोटी पेटवतात आणि सगळ्यांना जवळ घेतात. ग्रीक मजकूर म्हणतो, ‘बार्बारोईंनी आमच्यावर विलक्षण माया केली.’ इंग्रजीतल्या जुन्या भाषांतरात तिथे ‘बार्बरस पीपल’ आहे. तुमच्या भाषांतरकाराला ही ओळ द्या. ‘रानटी लोकांनी माया केली’ असं आलं, तर त्याने कोश पाहिलाय पण माणसं पाहिली नाहीत. ‘तिथल्या बेटकऱ्यांनी’ किंवा ‘तिथल्या रहिवाशांनी’ असं आलं, तर बाकीचा मजकूर त्याच्याकडे निर्धास्तपणे सोपवा.